हापूसच्या पोटातली कोय

हापूस खाताना आपण जो गर वाखाणतो, तो सगळाच्या सगळा आईचा, म्हणजे ज्या झाडाला फळ लागले त्या झाडाचा असतो. मोहरावर माश्यांनी कुठल्या झाडाचे पराग आणून टाकले, याचा त्या गोडीशी फारसा संबंध नसतो. बापाचा वाटा असतो तो कोयीत दडलेल्या गर्भात. त्यामुळे फळ निखळ हापूस असले, तरी त्यातली कोय हापूस नसते, आणि देवगडचा अस्सल आंबा खाऊन हौसेने परसात पुरलेल्या कोयीच्या झाडाला आठ-दहा वर्षांनी आंबट, धागेदार फळ लागले, तर आंबेवाल्याला बोल लावण्याचे कारण नाही.

आंब्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या 20 जोड्या असतात. परागकण किंवा अंडपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र पुढे जाते, आणि कोणते जाईल हे प्रत्येक जोडीपुरते स्वतंत्रपणे ठरते; एवढ्यानेच एका झाडाला 10,48,576 प्रकारच्या अंडपेशी बनवता येतात. निसर्गाचे मात्र तेवढ्यावर समाधान होत नाही. विलग होण्यापूर्वी जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांना बिलगतात, एखाद-दुसऱ्या जागी तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हा सांधली जातात, म्हणजे नातवंडाच्या वाट्याला आजीचे किंवा आजोबांचे गुणसूत्र जसेच्या तसे न येता बहुधा दोघांच्या तुकड्यांची गोधडी येते. एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेली जनुके या तुटातुटीत सहसा सोबत राहतात, लांबची दुरावतात. अशी ताटातूट किती वेळा होते, हे फळमाशीच्या संततीत मोजून अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याने 1913 साली पहिला जनुकीय नकाशा, म्हणजे गुणसूत्रावर कोणते जनुक कोणापासून किती लांब बसले आहे याचा आराखडा, प्रसिद्ध केला. डोळ्यांना न दिसणारे अंतर निव्वळ मुलेबाळे मोजून काढण्याची ही युक्ती मला अजूनही चकित करते.

या सरमिसळीचा फायदाही घेता येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात काढली, तिच्यात हापूसला छळणारा साका, म्हणजे गरात पडणारा पांढरट, स्पंजासारखा भाग, नाही. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशीच संकर करून ‘सिंधू’ आली, जिची कोय अगदी पातळ असते.

बागायतदाराला मात्र नवलाई नको असते, त्याला कालचाच हापूस उद्याही हवा असतो, आणि म्हणून तो कलम करतो. पावसाळ्याच्या तोंडाला रोपवाटिकांत रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालतात, तांबूस पानांचे कोवळे रोप वर आले की त्याचा शेंडा छाटतात आणि तिथे हापूसची काडी बांधतात. त्या प्रत्येक रोपात पूर्वी कधीही न जुळलेला गुणांचा मेळ असतो, पण त्याच्या नशिबी केवळ मुळे पुरवणे येते. हापूसचे पहिले झाड कधी काळी अशाच एखाद्या कोयीतून उगवले असणार; त्याचा शेंडा तेवढा कुणी छाटला नाही.