अंदमान लॉग: डाईव्ह २२ ते ३१, आणि दोन किलो शिसं कमी

तर हॅवलॉकची तिसरी ट्रिप झाली, सहा दिवस, दहा स्कूबा डाईव्ह, लॉगबुकात आता ३१ आकडा. (२०१८ पासून नाव स्वराज द्वीप आहे, पण बोटीवर अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात, मीही तेच लिहितोय.) ह्या वेळी नवीन साइट्सचा हट्ट नव्हता, फक्त बॉयन्सी (पाण्यात ना वर ना खाली, एका खोलीवर स्थिर राहणं) सुधारायची होती, कारण डाईव्ह ९ ला माझ्या पायातल्या फिनने स्टॅगहॉर्न कोरलची (प्रवाळाची) एक फांदी मोडली होती. पाण्याखाली कट्ट आवाज आला आणि तो अजून डोक्यातून जात नाही. ती हाताएवढी फांदी वाढायला किती वर्षं लागली असतील.

पहिली डाईव्ह मुद्दाम नेमो रीफला केली. किनाऱ्यावरून चालत आत जायचं, खोली कमी, ओपन वॉटर ह्या पहिल्या कोर्सचे स्किल्सही मी तिथेच शिकलो. आधी वजन तपासलं. आतापर्यंत मी खाली जायला ८ किलो शिसं लावायचो, का तर पहिल्या ट्रिपला कोणीतरी ८ लावले म्हणून, बाकी कारण काही नाही. आता होतं काय, शिसं जास्त झालं की ते उचलायला बीसीडीत (अंगातल्या हवेच्या जॅकेटात) हवा जास्त भरावी लागते, ती हवा खाली गेलं की दबते आणि वर आलं की फुगते, म्हणजे जरा वर सरकलात की अजून वर खेचले जाता आणि जरा खाली गेलात की खालीच, मग अख्खी डाईव्ह बटणं दाबण्यात जाते. मागच्या ट्रिपला द वॉल ह्या साइटवर सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधी थोडं थांबतात तिथे) असाच ५ मीटरवरून थेट वर निघालो होतो, हवा वेळेत सोडली नाही. काही झालं नाही, पण घाबरलो होतो.

वजन तपासायचं ते डाईव्हच्या शेवटी, हे मला उशिरा कळलं. ११ लिटरची अॅल्युमिनियमची टाकी २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरली की आतल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या वर असतं, ५० बारपर्यंत येताना त्यातले दोन किलो आपण श्वासातून वापरून टाकलेले असतात, त्यामुळे सुरुवातीला बरोबर वाटलेलं वजन शेवटी कमी पडू शकतं. म्हणून ५० बार उरले असताना ५ मीटरवर बीसीडी रिकामी करायची आणि स्थिर राहता येतंय का बघायचं. ३ मिलीमीटरच्या सूटमध्ये माझं ६ किलोवर जमलं.

आणि त्याचा फरक हवेत दिसला!! डाईव्ह २१ ला सरासरी ९ मीटरवर १५० बार ३८ मिनिटांत संपले होते, दाबाचा हिशोब धरला तर मिनिटाला साधारण २३ लिटर. डाईव्ह ३० ला सरासरी १८ मीटरवर तेवढीच हवा ३७ मिनिटं पुरली, म्हणजे १६ लिटर. दुप्पट खोलीवर जवळपास तेवढाच वेळ! हातपाय मारणं थांबलं की दम आपोआप शांत होतो.

ती डाईव्ह ३० म्हणजे डिक्सन्स पिनॅकल. पाण्याखालचे सुळके आहेत, वरचं टोकच १६-१८ मीटरवर, त्यामुळे अॅडव्हान्स्ड कोर्स झाल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही, आणि मध्ये निळ्या पाण्यात खाली उतरायचं, आधाराला फक्त दोर. आधी काहीच दिसत नाही आणि मग एकदम सुळका समोर येतो, जांभळ्या सॉफ्ट कोरलने भरलेला, वर फ्युसिलिअर माशांचा थवा. मी एका खाचेसमोर हात बांधून थांबलो, श्वास घेतला की बोटभर वर, सोडला की बोटभर खाली, आणि दगड वाटत होता त्याचा डोळा हलला, स्कॉर्पियनफिश! फिन मारत गेलो असतो तर दिसलाच नसता.

जॉनीज गॉर्जला करंट होता, लायनफिश आणि स्नॅपर भरपूर, पण दहा-बारा मीटरच्या पुढे दिसत नव्हतं. लाइटहाउस ही साइट ठीक.

शेवटच्या डाईव्हनंतर विमानाआधी १८ तास सोडायचे म्हणून एक दिवस एलिफंट बीचला बायकोसोबत स्नॉर्कलिंग केलं. तिथे लाइफ जॅकेट घातलेले लोक कोरलवर उभे राहून मास्क नीट करतात, ते बघवत नाही. अंदमानच्या कोरलने २०१० चं ब्लीचिंग सोसलंय, पाणी तापलं की आतलं शैवाल निघून जातं आणि कोरल पांढरं पडून उपाशी मरतं, त्यात वरून पाय कशाला. मास्क किनाऱ्यावर नाहीतर तरंगत घाला. मेलेल्या करड्या कोरलवर एका जागी बोटाएवढ्या नवीन फांद्या दिसल्या, टोकं निळसर, बायकोला बोलावून दाखवल्या.

आता एप्रिलपर्यंत ठाण्याच्या तरणतलावात फ्रॉग किक, म्हणजे बेडकासारखे पाय मारायचा सराव. माझा डावा पाय अजून खाली लोंबतो, कोणाकडे त्यावर ड्रिल असेल तर सांगा.