केळकर संग्रहालयात चित्रकथीसमोर

पुण्यात आलेले पाहुणे राजा दिनकर केळकर संग्रहालयात जातात ते बहुतेक मस्तानी महाल, अडकित्ते आणि दिवे बघायला. मी हे लिहितोय ते तिथल्या चित्रांसाठी. कुडाळहून आत्या आली होती. तिला चित्रकथी, म्हणजे कथा गाऊन सांगताना दाखवायची कागदावरची चित्रं, दाखवायची म्हणून मुद्दाम गेलो, आणि त्या चित्रांसमोरून आम्हा दोघांचाही पाय निघेना.

पैठण शैलीची ही चित्रं मी पुस्तकांत आणि मोबाइलवर कितीतरी वेळा पाहिली होती. बाजूने काढलेले चेहरे, त्यात टपोरा डोळा, टोकदार नाक, लाल-हिरव्या-पिवळ्या रंगांचे सपाट भाग, सगळं ओळखीचं. पण मूळ कागदासमोर उभं राहिलो तेव्हा पहिल्यांदा रेघ दिसली. छपाईत ती सगळीकडे सारखीच काळी येते. इथे कुंचल्यातला रंग सरत आला की ती फिकी होते, कुंचला पुन्हा बुडवला की दाट होऊन पुढे निघते. घोड्याच्या मानेवरून खाली आलेली एक लांब रेघ एका दमात ओढलेली आहे, हात कुठेही थांबलेला नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या कुणा अनाम माणसाच्या मनगटाची हालचाल जशीच्या तशी समोर होती. माझे डोळे भरून आले, आणि ते का, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

मग कडांकडे लक्ष गेलं. कागद मळलेला, कोपरे झिजलेले. आत्या म्हणाली, "अरे, हातात धरून दाखवतत ती. ठाकर रात्रभर कथा सांगत, एक चित्र सरला की दुसरा." कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर या आदिवासी समाजातल्या कलावंतांचे जागर तिने लहानपणी देवळात ऐकलेले. वीणा, टाळ आणि हुडुक (डमरूसारखं छोटं वाद्य) यांच्या साथीवर रामायण-महाभारतातली आख्यानं चालायची. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एका बाजूचा प्रसंग गाऊन झाला की चित्र उलटवायचं, नाहीतर पुढचं घ्यायचं. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला पोथीच म्हणतात. हे कळल्यावर ते झिजलेले कोपरे मला चित्राइतकेच मोलाचे वाटले. आणखी झीज न सोसवणारी ही चित्रं आता काचेमागे आहेत ते बरंच आहे, पण आत्याला तिथे गाणं नाही याचं वाईट वाटलं, आणि मलाही.

काचेवरची चित्रंही चुकवू नका. ती काचेच्या मागच्या बाजूने रंगवतात आणि आपण पुढून पाहतो, म्हणून सगळा क्रम उलटा. आधी डोळ्यातली बाहुली, नथ, दागिन्यांचे मणी, मग चेहरा आणि कपडे, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. एकदा वरचा थर चढला की खालची बारीक कामं दुरुस्त करता येत नाहीत. किंचित बाजूला सरकून पाहा, रंगाला काचेआड आलेली चमक छायाचित्रात कधीच उतरत नाही.

हे सगळं जमवणारे दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) स्वतः कवी, 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणारे. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी हे संग्रहालय उभं केलं. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या सोबत होत्या. वीस हजारांहून अधिक वस्तू गोळा करून त्यांनी सगळा संग्रह राज्य सरकारकडे सोपवला. जागेअभावी त्यातला थोडाच भाग मांडलेला असतो, म्हणून अमुक एक चित्र बघायचंच असेल तर आधी फोन करून विचारा.

जायचं कसं? संग्रहालय शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत आहे. मेट्रोने मंडई स्थानकावर उतरून चालत जाणं सगळ्यात सोपं. गाडी नेऊ नका, पेठेत ती लावायला जागा शोधण्यातच उत्साह संपतो. सकाळी दार उघडताच पोहोचा, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी. शाळांच्या सहली आल्या की चित्रांपुढे थांबता येत नाही. मुलांनी यावंच, फक्त तुम्ही त्यांच्या आधी या.

आत गेल्यावर थेट चित्रांकडे जा. आधी भांडी, वाद्यं, दरवाजे बघत बसलात तर चित्रांपर्यंत पोहोचेतो डोळे थकतात. जवळचा चष्मा जरूर न्या. काचेवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, तेव्हा समोर न राहता कोपऱ्यातून पाहा. फोटोचे नियम तिकीट खिडकीवरच विचारा, पण माझं ऐकाल तर पहिली दहा मिनिटं मोबाइल खिशातच राहू द्या. एकच चित्र निवडा आणि त्यातली एक रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत नजरेने चाला. वर जायला जिने आहेत, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश जावं. आत्या प्रत्येक मजल्यावर थोडी टेकत गेली.

आणि कोकणात जाणं होणार असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला नक्की थांबा. तिथे गुढीपूरला ठाकर आदिवासी कला आंगण आहे. या कलेसाठी 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झालेल्या परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने ते उभं केलंय. कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी दोन्ही तिथे पाहायला मिळतात. प्रयोग बघायचा असेल तर आधी कळवून जा. पुण्यात काचेमागे पाहिलेलं चित्र कलावंताच्या हातात आणि गाण्यासोबत बघायला आम्ही येत्या नवरात्रात तिकडे निघालोय.