इंडिकेटरच्या तालावर नाचणारा काटा

२७ मे, रात्री साडेदहा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू आहे. दिवसातून दोनदा कूलरमध्ये पाणी भरतेय. आज दुपारी सगळं नागपूर दारं लावून झोपलं होतं, तेव्हा मी पोर्चमध्ये बोनेट उघडून उभी होते. नखांतला काळा मळ अजून निघाला नाही, पण मन भलतंच खूश आहे.

गाडी २००३ ची. एप्रिलपासून तिचं एकच नाटक: भर दुपारी सिग्नलवर उभी असताना फुस्स करून बंद. छत्रपती चौकात दोनदा, लोकमत चौकात एकदा, आणि एकदा अजनीच्या पुलावर. त्या पुलावर गाडी बंद पडणं म्हणजे काय, ते तिथून रोज जाणाऱ्यालाच कळेल. वीसेक मिनिटं तोंड ओढणीत गुंडाळून उभं राहायचं, मग चावी फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू!

सकाळी नऊला मेकॅनिककडे नेली की अगदी गुणी बाळ. भाऊंनी चक्कर मारली, परत आले. "ताई, गाडी त मक्खन चालून राहिली. काहीच नाही तिले." खोटं बोलत नव्हते ते. त्यांच्यासमोर खरंच काही होत नव्हतं. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरतो ना, तसं.

मग प्रत्येकाचा एकेक अंदाज. पेट्रोलमध्ये कचरा. पंप गेला. बॅटरी म्हातारी झाली. यातली बॅटरी मी बदलून टाकली, म्हणजे पैसेही गेले. शेजारच्या काकांचा इलाज सोपा होता: "इकून टाक." बॅटरीवर शंका घेणं मुळातच चूक होतं, हे आता कळतंय. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, इतका दणक्यात फिरत होता, मग बॅटरीचा काय दोष?

शेवटी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायला लागले. किती वाजता बंद पडली, एसी होता का, उभी होती की पळत होती. आठ नोंदी झाल्या आणि आठही वेळा एसी चालू, गाडी उभी. पळत असताना एकदाही नाही. शेवटच्या तीन नोंदींत आणखी दोन फुटकळ गोष्टी लिहिल्या होत्या. इंडिकेटर टाकला की पेट्रोलचा काटा त्याच्या टिकटिकीबरोबर नाचतो. आणि हेडलाइट लावून ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा बाण उगाच मंद उजळतो. वर्षभर हे बघत होते. जुनी गाडी, चालायचंच, म्हणून सोडून दिलं होतं.

खरी खूण तीच होती. गाडीत प्रत्येक दिव्याला दोन पूर्ण वायरी नसतात. बॅटरीतून करंट वायरीने जातो आणि परत येतो तो बॉडीच्या पत्र्यातून. त्या परतीच्या वाटेवर अडथळा आला की करंट मिळेल त्या गल्लीतून घुसतो, ब्रेकचा इंडिकेटरमध्ये, इंडिकेटरचा काट्यात. ही परतीची वाट म्हणजेच अर्थिंग, आणि घोळ तिथेच होता. आपण सगळे येणाऱ्या वायरी तपासत बसलो होतो.

माझ्या गाडीत बॅटरीची मायनसची जाड केबल गिअरबॉक्सला जाते आणि तिथून दुसरी एक बारकी वायर बॉडीला. सेल्फ गिअरबॉक्सवरच बसलेला, त्याला जाड केबल थेट मिळते; बाकी सगळ्यांचा करंट त्या बारक्या वायरीतून परततो. म्हणून सेल्फ झकास, बाकी सगळं अर्धपोटी.

मीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, एकदम निरोगी. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं बॉडीच्या बोल्टला. शून्य. इथे मी जवळजवळ हार मानली होती. मग डोक्यात आलं, करंटच वाहत नाही तर अडथळा दिसणार कसा? तुटत आलेल्या वायरीचा एक धागा शिल्लक असला तरी करंट वाहत नसताना मीटर सगळं ठीकच सांगतो. पोरीला आत बसवलं. इंजिन चालू, एसी, हेडलाइट, मागची काच तापवायचं बटण, सगळं लाव म्हटलं. रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि मीटर चढला. ०.६, १.१, १.९! ०.२ च्या आत असायला हवा तो. तीसेक अँपिअर धरले तर हेडलाइटच्या एका बल्बाएवढी आग त्या एका बोल्टवर. बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं.

म्हणजे उभ्या गाडीला वारा नाही, पंखा थांबत नाही, बोल्ट तापत जातो, आणि बॉडीवरच अर्थ असलेला पेट्रोलचा पंप उपाशी राहतो. खात्रीसाठी जंपरची काळी केबल मायनसवरून बॉडीला टेकवली. "आई, काटा थांबला!" पोरगी आतून ओरडली.

बोल्ट १० नंबरच्या पान्याने खोलला. वायरीच्या टोकाच्या कडीखाली हिरवट पांढरा थर, आणि त्याखाली चक्क रंग. कुणीतरी कधीतरी डेंटिंग-पेंटिंग करताना पत्र्यावर रंग मारून वरून बोल्ट कसला होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, जाड वायर आणि नवे थिंबल, म्हणजे टोकाच्या कड्या, आणून जोडले, वरून व्हॅसलीन. खर्च बॅटरीच्या किमतीपुढे चिल्लर. बॅटरीचं बिल नवऱ्याने जपून ठेवलंय, का ते विचारायची हिंमत नाही.

चार वाजता तशाच उन्हात वर्धा रोडने निघाले, एसी फुल. सिग्नलवर मुद्दाम इंडिकेटर टाकून काट्याकडे बघत बसले. ढिम्म. मागच्या स्कूटरवाल्याला वाटलं असेल बाई झोपली. परत आल्यावर गेट उघडावं म्हणून हॉर्न दिला तर काका दचकून बाहेर आले. "नवा हॉर्न लावला का वो?"

तोच जुना होता.