पिवळा पितांबर आणि तिमोर

प्रवासाचा विमा काढतानाच पहिली ठेच लागली. फॉर्ममधल्या देशांच्या यादीत ‘टी’खाली थायलंड, टोगो, टोंगा सगळे हजर, तिमोर-लेस्टे मात्र गायब. बऱ्याच शोधाशोधीनंतर तो ‘ई’मध्ये सापडला, ‘ईस्ट तिमोर’ म्हणून. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या पेपरांतही आपण ‘पूर्व तिमोर’च वाचत आलो. बालीहून दोन तासांच्या विमानाने राजधानी दिलीला उतरलो, तेव्हाही तोंडात तेच नाव होतं.

मी उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंना सगळे ‘माना’ म्हणायचे. इथल्या तेतुम भाषेत माना म्हणजे ताई. पहिल्याच सकाळी कॉफी पिता पिता मी मोठ्या उत्साहाने ईस्ट तिमोरचं कौतुक केलं. माना हसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “तिमोर-लेश्ते.” पोर्तुगीज वळणाचा हा ‘श्’ जिभेवर बसायला मला दोन दिवस लागले.

खरं तर गंमत पुढेच आहे. मलय भाषेत ‘तिमूर’ म्हणजे पूर्व, त्यावरून बेटाचं नाव तिमोर. पोर्तुगीजमध्ये ‘लेश्ते’ म्हणजेही पूर्व. म्हणजे देशाचं नाव झालं पूर्व-पूर्व! आपल्याकडे पिवळा पितांबर म्हणतात, तसंच. इंडोनेशियाच्या काळात तर ‘तिमोर तिमूर’ असा एकच शब्द दोनदा होता, आणि लाडाने, की घाईने, त्याचं ‘तिमतिम’ व्हायचं. मी हा शब्द उच्चारला मात्र, मानांनी कप खाली ठेवला. २८ नोव्हेंबर १९७५ ला इथे पोर्तुगिजांपासून स्वातंत्र्य जाहीर झालं आणि नवव्या दिवशी इंडोनेशियाचं सैन्य उतरलं. पुढची चोवीस वर्षं हा देश ‘तिमतिम’, म्हणजे इंडोनेशियाचा २७वा प्रांत होता. शहराच्या टोकाला टेकडीवर येशूचा पुतळा आहे, तो इंडोनेशियानेच दिलेला. उंची बरोबर २७ मीटर. वर चढताना धाप लागते, आणि हा आकडा आठवला की समुद्राचा तो निळा देखावाही जरा वेगळा दिसतो.

१९९९ च्या सार्वमतात ७८ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्य मागितलं. २० मे २००२ ला ते मिळालं, आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत देश दाखल झाला तो ‘तिमोर-लेस्टे’ म्हणून. नावाचं भाषांतर करू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. आयव्हरी कोस्टवाल्यांचंही तेच.

तेतुममध्ये आणखी एक नाव आहे, ‘लोरोसाए’. लोरो म्हणजे सूर्य, साए म्हणजे वर येणं. मला हेच सगळ्यात आवडलं. पण देशाच्या आतल्या पूर्वेकडच्या लोकांनाही लोरोसाएच म्हणतात, आणि २००६ च्या दंगलीत लोरोसाए विरुद्ध लोरोमोनू, म्हणजे पूर्वेचे विरुद्ध पश्चिमेचे, असं पेटलं होतं. मीही तो शब्द मग जपूनच वापरला.

दिलीत फिरायला मिक्रोलेत. रंगीबेरंगी छोटी गाडी, आत कर्णकर्कश गाणी, गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना टेकलेले. उतरायचं तर ओरडायचं नाही, नाणं काढून वरच्या लोखंडी दांड्यावर टकटक वाजवायचं. इथे नोटा अमेरिकन डॉलरच्या, पण नाणी स्वतःची. माझ्या हातातल्या २५ सेंतावोच्या नाण्यावर शिडाची होडी होती आणि कडेने देशाचं पूर्ण नाव कोरलेलं. टकटक केली, गाडी थांबली, तेच नाणं ड्रायव्हरला दिलं.

बाजारात तर कान सारखे टवकारत होते. पाव ‘पांव’, बालदी ‘बाल्दे’, चावी ‘शावे’. पोर्तुगिजांचा हा कारभार १८४४ पर्यंत गोव्यातून चालायचा, हे मी मानांना सांगितलं. त्यांना त्याचं काडीचंही अप्रूप नव्हतं.

निघायच्या आदल्या रात्री त्यांनी उलट मलाच धरलं. “तुमच्या महाराष्ट्राचा अर्थ काय?”

“मोठं राष्ट्र.”

“माणसं किती?”

“अकरा कोटींच्या वर.” त्यांच्या देशात तेरा-चौदा लाख.

“आणि देश नाही?”

“नाही. राज्य.”

मानांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि न विचारताच आणखी कॉफी ओतली.