डिकीला भोक नाही आणि गाडीला धड नाव नाही

तर झालं असं की गाडीची बॅटरी पूर्ण उतरली, म्हणजे आतला साधा लाइटपण लागेना, आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घ्यायची जंपर केबल होती डिकीत. रिमोटच्या पोटात एक बारकी चावी लपवलेली असते ती काढली, ड्रायव्हरचा दरवाजा उघडला, इथपर्यंत सगळं मॅन्युअलमधल्यासारखं झालं. मग मागे गेलो तर डिकीला चावी लावायला भोकच नाही. पाच वर्षं गाडी वापरतोय, रोज डिकी उघडतोय, आणि तिला चावीचं भोक नाही हे मला त्या दिवशी कळलं. भोकाच्या जागी कंपनीचा लोगो, त्याच्या डावीकडे मॉडेलचं नाव, उजवीकडे आणखी तीन अक्षरं ज्यांचा अर्थ गाडी विकणाऱ्यालाही सांगता आला नव्हता. चांगली दहा मिनिटं त्या क्रोमच्या अक्षरांकडे बघत उभा होतो.

आतून जावं तर मागची सीट घडी होत नाही, माझ्या व्हेरिएंटला ती सोय नाही, वरच्याला आहे, अर्थात. शेवटी शेजाऱ्याची गाडी आणि शेजाऱ्याचीच केबल लावून करंट दिला तेव्हा डिकी टक् करून उघडली. आत माझी केबल, अजून पिशवीतून बाहेरही न काढलेली.

गंमत म्हणजे त्याच डिकीच्या आतल्या बाजूला एक छोटी मूठ आहे, अंधारात हिरवट चमकते, ती ओढली की डिकी आतून उघडते, बॅटरी असो नसो. म्हणजे मी आत अडकलो असतो तर सुटलो असतो, बाहेर होतो म्हणून अडकलो. ही मूठ कुठून आली ते वाचलं आणि मग मात्र हसू आलं नाही. १९९८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत काही आठवड्यांतच अकरा मुलं डिकीत अडकून दगावली. त्याच्या आधी, १९९५ मध्ये, जेनेट फेनेल नावाच्या बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला चोरांनी त्यांच्याच गाडीच्या डिकीत कोंबून पळवलं होतं, दोघं वाचले, आणि सुटल्यावर त्या बाई या एकाच गोष्टीच्या मागे लागल्या. शेवटी तिथे नियम झाला की १ सप्टेंबर २००१ पासून बनणाऱ्या डिकीवाल्या प्रत्येक कारला आतून उघडणारी मूठ पाहिजेच. मग निर्यातीसाठी जो भाग करायचाच आहे तो बऱ्याच कंपन्यांनी इतर देशांतल्या गाड्यांनाही लावला. गाडीतल्या सगळ्या प्लास्टिकमध्ये इतका विचार करून बनवलेला तुकडा मला दुसरा दिसत नाही, आणि कंपनीच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख कधीच नसतो.

पण बाहेरून उघडायचं काय? जुन्या गाड्यांचं बघा. जनरल मोटर्सच्या गाड्यांना कित्येक वर्षं दोन चाव्या यायच्या, चौकोनी डोक्याची गाडी चालू करायला आणि गोल डोक्याची दरवाजे आणि डिकीला. फोर्डचंही तसंच, फक्त वाटणी वेगळी, एक चावी इग्निशन आणि दरवाज्यांची, दुसरी डिकी आणि ग्लोव्हबॉक्सची. उगाच नाही, तर पार्किंगवाल्या पोऱ्याच्या हातात गाडी दिली तरी तुमचं सामान बंदच राहावं म्हणून. पुढे यालाच व्हॅले की म्हणायला लागले, दरवाजा उघडते, इंजिन चालू करते, डिकीला लावली तर फिरत नाही. आणि कॅडिलॅकवाल्यांनी तर डिकीच्या भोकावर आपलं ते ढालीचं चिन्ह बसवलं होतं, चिन्ह बाजूला सरकवायचं की खाली भोक. मला हे फार आवडतं, लोगो झाकणासारखा वापरलाय पण खालचं भोक ठेवलंय.

भोक का गेलं त्याची कारणं खरं तर चुकीची नाहीत. भोकातून पाणी जातं, माती जाते, चार वर्षं वापरलं नाही की कुलपाचा सिलिंडर जाम होतो, चोराला स्क्रू ड्रायव्हर घालायला आयती जागा मिळते, आणि एक सिलिंडर, एक दांडा, एक क्लिप कमी झाली की लाखो गाड्यांवर किती पैसे वाचतात ते कंपनीचा हिशेबनीस सांगेल. हे सगळं मान्य. पण मग जिथे पूर्ण काम विजेवर टाकलंय तिथे वीज गेल्यावरचा एक तरी रस्ता ठेवा ना बाबांनो. काही गाड्यांची तर बॅटरीच डिकीत असते! त्यांनी निदान बोनेटखाली करंट द्यायला वेगळा टर्मिनल तरी ठेवलेला असतो. टेस्लाच्या मॉडेल ३ ला पुढच्या बंपरमध्ये गाडी ओढायच्या हुकच्या झाकणामागे दोन वायरी ठेवल्यात, बाहेरची बॅटरी लावली की पुढचं झाकण उघडतं. म्हणजे ज्यांची अख्खी गाडीच विजेवर चालते त्यांना हे सुचलं.

भोक गेलं आणि ती रिकामी जागा लोगोने घेतली. फोक्सवॅगनच्या २००३ च्या पाचव्या पिढीच्या गोल्फला मागचा गोल लोगो हेच हँडल, वरच्या कडेला दाबायचं, खालून बोटं घालायची आणि उचलायचं, पुढे त्याच लोगोच्या पोटातून रिव्हर्स कॅमेरापण बाहेर यायला लागला. बीएमडब्ल्यूच्या १ सिरीजलाही तेच. माझ्या मते हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं सगळ्यात हुशार डिकी डिझाइन, कारण हँडल बंपरच्या चिखलापासून वर आहे, हात घाण होत नाही, आणि लोगो नुसता मिरवत नाही, काम करतो. आणि पूजोने तर कहर केला, जुन्या ३०८ गाडीच्या आकड्यातलं जे शून्य होतं त्यातच डिकीचं बटण! ३, मग बटण, मग ८. पहिल्यांदा बघणारा डिकीभर हात फिरवत बसतो.

आता या शून्यावरून आठवलं, की पूजोने १९२९ च्या २०१ पासून मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर घेऊन ठेवलेत. पोर्शने १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या शोमध्ये आपली नवीन गाडी ९०१ म्हणून दाखवली, पुढच्या वर्षी पूजोने हरकत घेतली की फ्रान्समध्ये ही नंबरांची पद्धत आमची. तोवर ८२ गाड्या ९०१ म्हणून बनून झालेल्या. पोर्शने भांडण वाढवलं नाही, शून्याच्या जागी एक टाकला आणि झाली ९११. आज साठ वर्षांनी लोक ज्या आकड्याचे टॅटू काढतात तो आकडा असा तडजोडीतून आलाय.

गाड्यांची बारशी अशी मोडायचा धंदा फार जुना आहे. फोर्डची मस्टँग जर्मनीत १९७९ पर्यंत टी-५ म्हणून विकावी लागली कारण तिथे ते नाव क्रुप कंपनीकडे होतं, ट्रकसाठी. मित्सुबिशीची पजेरो स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत माँटेरो झाली, कारण तिथल्या बोलीत पजेरो म्हणजे जे काय आहे ते मी इथे लिहीत नाही, आणि ब्रिटनमध्ये तीच शोगन. टाटाची झिका बाजारात यायच्या तोंडावर झिका व्हायरस आला, म्हणून २०१६ मध्ये ती टियागो झाली, आणि खरं सांगायचं तर नवीन नाव जास्त बरं निघालं. अल्फा रोमिओने एप्रिल २०२४ मध्ये मिलानो दाखवली, इटलीचे मंत्री म्हणाले गाडी बनते पोलंडमध्ये आणि नाव आमच्या शहराचं, हे आमच्या कायद्यात बसत नाही, आणि पाच दिवसांत ती ज्युनियर. पाच दिवस! मला इकडे पॅनकार्डावरचं स्पेलिंग बदलायला किती लागले ते जाऊ दे.

यातला माझा लाडका किस्सा मात्र जपानी डॅटसनचा. जपानमध्ये त्यांच्या झेड या स्पोर्ट्स कारचं नाव होतं फेअरलेडी. अमेरिकेतला त्यांचा प्रमुख युताका कातायामा म्हणाला की या नावाची स्पोर्ट्स कार इथे कोण घेणार, आणि त्याने ते बॅज, म्हणजे गाडीवरची नावाची अक्षरं, काढायला लावून २४०झेड लावायला लावलं. २४० म्हणजे २.४ लिटर इंजिन, बास. बॅजवर लिहिलंय ते बोनेटखाली आहे.

आता तसं राहिलेलं नाही. बीएमडब्ल्यू ३२८आय म्हणजे कधीकाळी खरोखर २.८ लिटर, नंतर त्याच अक्षरांखाली दोन लिटर टर्बो. मर्सिडीजच्या एएमजी या वेगवान गाड्यांवर ६३ लिहायचे तेव्हा आत ६.२ लिटरचं इंजिन होतं (६.३ पण नाही, हे जाणकारांना तेव्हापासून खुपतंय), मग चार लिटर आलं तरी ६३, आणि २०२२ मध्ये दाखवलेल्या सी ६३ मध्ये दोन लिटर, चार सिलिंडर, वर इलेक्ट्रिक मोटर. ताकद जुन्यापेक्षा जास्त आहे, ते कबूल. पण नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा हे आजी म्हणायची ते मला प्रत्येक ६३ मागे सिग्नलला उभं राहिलं की आठवतं. ऑडीने तर अलीकडे ठरवलं की पेट्रोल-डिझेलला विषम आकडे आणि इलेक्ट्रिकला सम, म्हणून ए४ ची ए५ केली, आणि २०२५ मध्ये तो नियमच मागे घेतला. विकणाऱ्यांनी काय पाठ करायचं?

उलट बाजूचंही सांगतो. फोर्डने टॉरसच्या जागी फाइव्ह हंड्रेड आणली, लोकांना ती कोण हेच कळेना, २००६ मध्ये नवीन सीईओ ॲलन मुलाली आले आणि २००७ मध्ये त्याच गाडीवर परत टॉरसचा बॅज लावला. इतकी वर्षं ओळखीचं नाव फेकून का दिलं हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो कुणी आधी विचारला कसा नाही याचंच मला नवल वाटतं.

हे सगळं मी एवढं का वाचत बसलो, तर बॅटरीच्या भानगडीनंतर दोनच महिन्यांनी डिकीचं बाहेरचं बटण गेलं. नंबर प्लेटच्या वर दिव्यांच्या मधे ते रबरी बटण असतं ना, ते रबर वितळून डांबरासारखं झालं, बोट काळं होतं पण डिकी उघडत नाही. ही तक्रार कुठल्या एका कंपनीची नाही, ऊन-पाण्यात ते रबर असंच जातं. स्पेअर पार्टवाल्याकडे गेलो, त्याने गाडीचं नाव टाइप केलं, जे बटण दाखवलं ते माझं नाहीच. का, तर माझी गाडी कंपनीने मॉडेलचं नाव बदललं त्याच सुमाराची. बॅज नव्या नावाचा, डिकीचं झाकण जुन्या नावाच्या गाडीचं. नव्या नावाच्या खऱ्या गाडीला लोगोचं हँडल आलं, आणि मला फक्त नाव आलं! शेवटी त्याने चासी नंबर मागितला, सतरा अक्षरं-आकडे, ज्यात घोळ नको म्हणून इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुळातच वापरत नाहीत. तो टाकल्याबरोबर पार्ट निघाला. खोक्यावर जुनंच नाव छापलेलं. जे मेकॅनिक ई४६ (बीएमडब्ल्यू) किंवा डब्ल्यू१२४ (मर्सिडीज) असल्या कंपनीच्या आतल्या कोडनेच गाडी ओळखतात त्यांना मी पूर्वी शहाणपणा करतात म्हणायचो, आता म्हणत नाही.

बटण बदललं, वीस मिनिटांचं काम. त्याच वेळी डोक्यात आलं की तो खोटा बॅजच काढून टाकावा, हल्ली ते फोमच्या डबल टेपनेच चिकटवलेले असतात, हेअर ड्रायरने गरम करायचं आणि मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवायचा. दोन अक्षरं काढली पण, तर खाली रंग गडद, उन्हाने बाकीची डिकी फिकी पडलीये आणि अक्षरांच्या जागा जशाच्या तशा वाचता येतायत. तेव्हा सध्या मागे अर्धं नाव क्रोमचं आणि अर्धं सावलीचं आहे, घरच्यांनी नावं ठेवून झाली. जंपर केबल तेवढी आता ड्रायव्हर सीटखाली ठेवतो.