मुली पुढे, मुलगे मागे

शनिवार, रात्री उशिरा

ताईची दोन्ही मुलं राहायला आली आहेत. भाची नववीत. दातांना तार लावल्यापासून हसू आलं की तिचा हात आपोआप तोंडावर जातो. भाच्याचा आवाज नुकताच फुटलाय, त्यामुळे स्वारी हुंकारांवर भागवते.

दुपारी दोघांना बसवून एक्स-रे स्पेक्स लावलं. लंडनचा पंक, म्हणजे धसमुसळ्या रॉकचा बँड. गायिका पॉली स्टायरिन, वडील सोमाली, आई ब्रिटिश, आणि दातांना ठसठशीत तार. ती न लपवता स्टेजवर तोंड वासून ओरडायची. १९७७च्या त्यांच्या पहिल्या गाण्यात ती आधी शहाण्या मुलीच्या आवाजात सांगते की मुली दिसाव्यात पण त्यांचा आवाज ऐकू येऊ नये, असं काही लोकांना वाटतं. पुढच्याच क्षणी अशी किंचाळते की भाचीने दचकून आवाज कमी केला. मग फोटो शोधायला सांगितला. तो मोठा करून नुसते दातच बघत बसली.

भाच्याला आवडले ते अंडरटोन्स. साल १९७८, उत्तर आयर्लंडमधलं डेरी. रस्त्यावर ब्रिटिश सैनिकांची गस्त, बॉम्बस्फोट, आणि ही पोरं गातात काय, तर गल्लीतल्या मुलीचं! मला यात पळपुटेपणा वाटत नाही. त्या वयात बंदुकीपेक्षा ती मुलगी आपल्याकडे बघते की नाही, हेच मोठं असतं. त्यांचा गायक फर्गल शार्की, त्याचा आवाज सारखा थरथरतो, जणू आत्ता फुटेल. बीबीसीचा निवेदक जॉन पील याने ते गाणं रेडिओवर लागोपाठ दोनदा वाजवलं. त्यातलीच एक ओळ पुढे त्याच्या थडग्यावर कोरली गेली.

ही दोन गाणी पाठोपाठ ऐकताना जाणवलं. मुलगा कळवळतो, मला कुणी बघतच नाही. मुलगी वैतागते, सगळे मलाच बघताहेत, जरा नजर हटवा. रॉकला पहिली तक्रार जन्मापासून पाठ होती. दुसरी ऐकवायला मुलींना स्वतः गिटार हातात घ्यावी लागली.

माझ्या शाळेच्या दिवसांत दादाने कर्ट कोबेनच्या निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडची कॅसेट भरून आणली होती. आई विचारायची, हे गाणं आहे की भांडण? १९९१च्या त्यांच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या प्रसिद्ध गाण्याच्या नावामागे एक मुलगी आहे, हे आम्हाला खूप उशिरा कळलं. बिकिनी किल या बँडची गायिका कॅथलीन हॅना हिने भिंतीवर लिहिलं होतं, कर्टच्या अंगाला टीन स्पिरिटचा वास येतो. टीन स्पिरिट म्हणजे मुलींसाठीचं डिओडरंट, कर्टची मैत्रीण वापरायची ते. कर्ट कोबेनला वाटलं, हा काहीतरी क्रांतीचा नारा आहे. पोरांनी डोक्यावर घेतलेल्या गाण्याच्या नावात मुलींच्या घामाचा बंदोबस्त! भाचा यावर इतका हसला की हुंकार विसरला.

हॅना कार्यक्रमात सांगायची, मुलींनो पुढे या, मुलगे मागे जा. कारण साधं होतं. स्टेजसमोर पोरांची इतकी धक्काबुक्की चालायची की मुलींना तिथे उभं राहणं मुश्कील. भाचीला हे फार पटलं. भाच्याने विचारलं, धक्के न मारणाऱ्यानेही मागेच जायचं का?

प्रश्न रास्त होता. शाळेतल्या दांडगटांचा मार कोबेननेही खाल्ला होता. हेवी मेटलच्या एका टीव्ही कार्यक्रमात तो पिवळा घोळदार गाऊन घालून बसला होता, ते मी भाच्याला दाखवलं. त्याचं म्हणणं, त्याला चालतं गं मावशी, तो फेमस आहे. आमच्या वर्गात घालून बघ म्हणावं!

उद्या रॉक गायिका जोन जेट लावायची ठरलंय. पहिलं गाणं कुणी निवडायचं यावरून दोघांची आत्ताच जुंपली आहे. मी मध्ये पडणार नाही.