एम्परर अपडेट: वर्तुळं तुटायला लागली

माझ्या टाकीतल्या एम्परर एंजलफिश या समुद्री माशाचे मागचे फोटो बघून ‘अजून पोरच आहे की’ म्हणणाऱ्यांसाठी: शेपटी पिवळी पडायला लागलीय. गडद निळ्या अंगावरची पांढरी वर्तुळं मागच्या बाजूने तुटतायत आणि मधूनच बारीक पिवळ्या रेषा डोकावतायत. चेहरा मात्र अजून पिल्लाचाच. सध्या स्वारी धड इकडची ना तिकडची, आणि मला तर ती अशीच जास्त आवडते.

पिल्लू आणि मोठा मासा इतके वेगळे दिसतात, की ब्लॉख या मत्स्यशास्त्रज्ञाने १७८७ मध्ये मोठ्याला नाव दिल्यावर १८०१ मध्ये पिल्लाची निकोबारच्या नावाने वेगळीच प्रजाती नोंदली गेली होती! मोठे एम्परर हद्दीसाठी भांडतात. पिल्लाचा वेगळा वेश त्यांचा मार चुकवायला असावा, असं मानतात.

टाकी तीच, ६ × २.५ × २ फूट, म्हणजे साडेआठशे लिटरच्या आसपास. तापमान २६, सॅलिनिटी (खारेपणा, विशिष्ट घनतेत) १.०२५. फक्त लाइव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव असलेले समुद्री दगड) आणि मासे, कोरल (प्रवाळ) नाहीत. एम्पररसोबत मांसल कोरल ठेवून ‘माझा नाही खात’ म्हणणाऱ्यांनी थोडी वाट बघावी.

समुद्रात याचं मुख्य खाणं स्पंज, त्यामुळे स्पंज घातलेलं फ्रोझन फूड आणि मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) रोज, थोडं थोडं करून. नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) क्लिप दिवसभर. क्लिप लावायला हात आत गेला की साहेब आडवे होऊन ‘ठप्’ असा आवाज काढतात, काचेबाहेर स्पष्ट ऐकू येतो. भरपूर खाणं म्हणजे नायट्रेटही (घाणीतून पाण्यात साठणारं) भरपूर, म्हणून स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) टाकीच्या मानाने मोठाच लावलाय.

रंगाबरोबर स्वभावही पालटतोय. कालपर्यंत टाकीतल्या टँग या दुसऱ्या माशाला वाट देणारा आता त्यालाच गुहेतून हुसकावतो. वेगळं काढायची वेळ आली तर जाळी वापरणार नाही. गालाखालचा काटा जाळीत असा अडकतो की कापूनच सोडवावी लागते. पाण्यातच पारदर्शक डब्यात घ्यायचा, बस्स.

आता अॅन्युलॅरिसबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. हाही एंजलफिशच, आपल्याच किनाऱ्यावरचा, गढूळ पाण्यालाही न कंटाळणारा मासा, मोह मलाही होतो. पण तोही फूटभराच्या वर जातो आणि एम्परर ४० सेंटिमीटरपर्यंत. या टाकीत दोघं नाहीत. एकट्या एम्पररसाठीच आठ फुटी टाकीचं कोटेशन मागवलंय, काच १९ मिलिमीटर. स्टँडचा खर्च अजून घरी सांगितलेला नाही.